ओपन, क्लोज्ड की एअर-कूल्ड? मुंबई परिसरातल्या खाद्य कारखान्यासाठी कूलिंगची निवड

रबाळे-महापेच्या पट्ट्यात, तळोज्यात किंवा भिवंडीकडे दूध, ज्यूस, सॉस, चॉकलेट नाहीतर मासळीचा कारखाना उभा करणाऱ्याच्या टेबलावर एका टप्प्याला तीन कोटेशनं येऊन पडतात. पहिलं फायबरच्या ओपन कूलिंग टॉवरचं (कारखान्यातली उष्णता घेऊन आलेलं पाणी हवेवर गार करणारं यंत्र), सगळ्यात स्वस्त. दुसरं क्लोज्ड सर्किट टॉवरचं, साधारण त्याच्या दुपटी-तिपटीचं. तिसरं एअर-कूल्ड चिलरचं, म्हणजे उष्णता थेट हवेत टाकून पाणी थंड करणाऱ्या यंत्राचं, आणि त्याचा विक्रेता सांगतो की आमच्याकडे पाण्याची कटकटच नाही. मग तिन्ही कागद शेजारी ठेवून खालची रक्कम बघितली जाते आणि ऑर्डर जाते.

खाद्यपदार्थांच्या कारखान्यात हा क्रम उलटा हवा, असं माझं ठाम मत आहे. टॉवरचं पाणी आणि तुमचा माल यांच्यामध्ये किती भिंती आहेत, हे आधी मोजा. ते मोजून झालं की तीनपैकी एखादं कोटेशन लगेच बाजूला पडतं आणि उरलेल्यांत निवड करणं सोपं जातं.

भिंती मोजायच्या कशा, ते दुधाच्या उदाहरणाने बघू. पाश्चराइज झालेलं दूध ४ अंशांपर्यंत गार होतं ते प्लेट हीट एक्सचेंजरमध्ये, पातळ पत्र्यांच्या पलीकडून फिरणाऱ्या चिल्ड वॉटरमुळे. ही पहिली भिंत. चिल्ड वॉटरची उष्णता चिलरच्या इव्हॅपोरेटरमध्ये रेफ्रिजरंट (चिलरच्या आत फिरणारा वायू) घेतो, ही दुसरी. रेफ्रिजरंट ती कंडेन्सरमध्ये टॉवरच्या पाण्याला देतो, ही तिसरी. टॉवरचं पाणी कितीही खराब झालं तरी दुधापर्यंत पोचायला त्याला तीन धातू फोडावे लागतील. आता सॉसच्या किंवा यूएचटीच्या (अति-उच्च तापमानावर निर्जंतुक होणाऱ्या दुधाच्या) लाइनकडे बघा. तिथे माल ९० अंशांवरून ४० वर आणायला अनेक जण टॉवरचं पाणी थेट कूलरमध्ये फिरवतात, कारण त्यासाठी चिलर चालवणं म्हणजे वीज फुकट घालवणं. ते बरोबरही आहे. पण तिथे भिंत एकच उरते, अर्ध्या-पाऊण मिलिमीटर जाडीचा स्टीलचा पत्रा. आणि गरम भरलेल्या बाटल्यांच्या कूलिंग टनेलमध्ये तर पाणी बाटलीवरच पडतं.

मुंबईची हवा आणि कॅटलॉगमधला टन

टॉवर पाणी गार करतो तो बाष्पीभवनाच्या जोरावर. पावसाळ्यात माठातलं पाणी का गार होत नाही, हे आपल्याला घरात माहीत असतं. टॉवरचंही तेच आहे. त्याला साधं तापमान लागू पडत नाही, वेट बल्ब तापमान, म्हणजे ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक दाखवतो ते, लागू पडतं. मुंबईसाठी डिझाइनला ते २८ ते २८.५ अंश धरावं लागतं. चांगला टॉवर त्याच्या ३ ते ४ अंश वर पाणी देतो, म्हणजे मे-जूनमध्ये तुमच्या हातात ३२ च्या आसपासचं पाणी असेल. वेट बल्बच्या खाली पाणी आणून देतो असं कोणी म्हणत असेल तर त्याचा कागद बाजूला ठेवा. जानेवारीत मात्र वेट बल्ब २० च्या आसपास उतरतो, पाणी २४-२५ वर येतं आणि कॉम्प्रेसरचा लोड जाणवण्याइतका कमी होतो. ही बचत ओपन टॉवरच्या बाजूने धरायला लोक विसरतात.

इथेच कोटेशनमधली सगळ्यात मोठी गोम आहे. बाजारातले गोल, बाटलीच्या आकाराचे फायबर टॉवर ज्या मापाने विकले जातात ते माप असं: पाणी आत ३७ अंश, बाहेर ३२, वेट बल्ब २७. त्यातला एक ‘टन’ म्हणजे तासाला ३,९०० किलोकॅलरी. रेफ्रिजरेशनचा टन ३,०२४ किलोकॅलरीचा. टॉवरचा टन मोठा ठेवलाय, कारण त्यात कॉम्प्रेसरची उष्णताही धरली आहे. म्हणून चिलरला जोडायचा असेल तर १०० टनाच्या चिलरला १०० टनाचा टॉवर कागदावर बरोबर दिसतो. पण तो २७ वेट बल्बचा आहे. मुंबईत २८.५ ला तोच टॉवर ३२ चं पाणी देणार नाही, ३३ च्या वर देईल. त्यात प्रोसेसची उष्णता थेट टॉवरवर टाकणार असाल तर ‘टन’ कुठला, यावरच एक चतुर्थांशाचा फरक पडतो. मासळीच्या ब्लास्ट फ्रीझरला तर उणे ४० वर चालणारा कॉम्प्रेसर मूळ लोडच्या दीडपट किंवा त्याहून जास्त उष्णता बाहेर टाकतो. तिथे टनाला टन लावून टॉवर घेतला तर पहिल्याच मे महिन्यात हेड प्रेशर (कॉम्प्रेसरच्या पुढचा दाब) चढून मशीन ट्रिप होईल.

म्हणून कोटेशन मागताना टन हा शब्दच लिहू नका. तासाला किती किलोकॅलरी, पाणी किती घनमीटर, आत किती अंश, बाहेर किती, आणि वेट बल्ब २८.५, एवढ्या पाच गोष्टी लिहा. तिन्ही विक्रेत्यांना तोच कागद द्या. मग तुलना करता येते.

एअर-कूल्ड: पाणी वाचतं, वीज जाते

एअर-कूल्ड चिलरचं आकर्षण खरं आहे. टॉवर नाही, डोझिंग (पाण्यात रसायनं घालणं) नाही, शेवाळ नाही, टँकरवाल्याला फोन नाही. पण त्याला साध्या तापमानाशी झगडावं लागतं. मुंबईत डिझाइनला ३५ अंश धरतात. पत्र्याच्या शेडवर किंवा चारी बाजूंनी पॅरापेट असलेल्या गच्चीत स्वतःचीच गरम हवा परत ओढली गेली की यंत्राभोवती ३८-४० सहज होतात. कंडेन्सिंग तापमान एक अंश वाढलं की कॉम्प्रेसरची वीज ढोबळमानाने २ ते ३ टक्के वाढते.

हिशोब करून बघू. १०० टनाचा लोड, वर्षाला ६,००० तास. वॉटर-कूल्ड चिलर, त्याचा पंप आणि टॉवरचा पंखा मिळून टनाला ०.८ किलोवॉट धरू. एअर-कूल्डला १.२. फरक ४० किलोवॉट, म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार युनिट. युनिटला ९ रुपये धरले तर २१ लाख ६० हजार रुपये. आता पाणी. १०० टनाच्या चिलरमागे टॉवरमधून तासाला सुमारे ६०० लिटर पाणी उडून जातं. क्षार पाचपट साठू दिले तर ब्लोडाऊन, म्हणजे क्षार साठलेलं पाणी सोडून देणं, १५० लिटर. एकूण ७५० लिटर, वर्षाला ४,५०० घनमीटर. घनमीटरला ६० रुपये पडले तर २ लाख ७० हजार, पूर्ण टँकरवर २०० रुपयांनी घेतलं तरी ९ लाख. केमिकल, तपासण्या, साफसफाईचे आणखी दोन-तीन लाख धरा. पूर्ण लोडचा हिशोब असल्याने प्रत्यक्षात फरक थोडा कमी भरेल. तरीही पाण्याचा टॉवर दरवर्षी दहा लाखांच्या आसपास पुढे राहतो. तुमचे दर घालून हा हिशोब पुन्हा करा, पद्धत तीच.

लोड वीस-तीस टनांच्या खाली असेल तर गणित फिरतं. वाचलेल्या विजेतून टॉवर सांभाळणाऱ्या माणसाचा पगारही भागत नाही, आणि न सांभाळलेला टॉवर खाद्य कारखान्यात ठेवू नये. छोटं चॉकलेट युनिट, आइस्क्रीमचा गाळा, क्लाउड किचनला माल पुरवणारं सेंट्रल किचन, यांनी एअर-कूल्ड घ्यावं. खाडी किंवा समुद्र जवळ असेल तर तांब्याच्या नळ्यांवरच्या ॲल्युमिनियम फिन्स खाऱ्या हवेत झिजतात, म्हणून कोटिंग केलेली कॉइल आधीच मागून घ्यावी. नंतर ते तितकं नीट लावता येत नाही.

एअर-कूल्ड यंत्रासमोर ओले पॅड लावून हवा गार करायची योजनाही आता विकली जाते. नाशिक-छत्रपती संभाजीनगरकडच्या कोरड्या उन्हाळ्यात तिला अर्थ आहे. मुंबईत ऑगस्टमध्ये हवा ३० अंश आणि वेट बल्ब २७ असतो. पॅडने दोन अंश मिळाले तर मिळाले. त्यासाठी पैसे घालू नयेत.

ओपन टॉवर: स्वस्त, चांगला, आणि सगळं ओढून घेणारा

ओपन टॉवरमध्ये पाणी आणि हवा एकमेकांत मिसळतात. म्हणूनच तो इतका परिणामकारक असतो, आणि म्हणूनच हवेत जे असेल ते सगळं पाण्यात येतं. बांधकामाची धूळ, खाडीकडची खारी हवा, आणि मुंबईत सर्वत्र असलेली कबुतरं. खाद्य कारखान्यात यात आणखी भर पडते, ती स्वतःच्या मालाची. मैद्याची पूड, पिठीसाखर, मसाल्याचा उडणारा भुगा, यीस्ट. सिमेंटच्या कारखान्यातली धूळ पाण्यात पडली तर गाळ होतो. साखर पडली तर जंतूंना जेवण मिळतं. बिस्किटाच्या किंवा मिठाईच्या कारखान्यात आठवडाभर दुर्लक्षित राहिलेल्या टॉवरच्या बेसिनची कड बोटाने चाचपली तर बुळबुळीत, तारा सुटणारा थर लागतो. त्या थराखालच्या जंतूंपर्यंत क्लोरीन पोचत नाही. वरचं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असतं, आणि ऑपरेटर त्याच्याकडे बोट दाखवून सांगतो की पाणी एकदम क्लिअर आहे.

याच थरात न्यूमोनिया घडवणारा लिजिओनेला हा जंतू वाढतो. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या हॉटेलात भरलेल्या अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या अधिवेशनानंतर हा न्यूमोनिया पहिल्यांदा ओळखला गेला आणि नावही तिथूनच आलं. २००३-०४ मध्ये उत्तर फ्रान्समधल्या हार्न गावाजवळच्या एका कारखान्याच्या टॉवरमधून उडालेल्या तुषारांमुळे ८६ जण आजारी पडले, १८ दगावले. काही रुग्ण टॉवरपासून सहा किलोमीटरवर राहणारे होते. हा जंतू २० ते ४५ अंशांत वाढतो. थंड देशांत हिवाळा त्याला थोडा आवर घालतो. मुंबईत टॉवरचं पाणी वर्षभर याच पट्ट्यात असतं, आणि आपल्या औद्योगिक वसाहतींच्या कुंपणाला लागून वस्त्या आहेत. ऐरोली-घणसोलीत टॉवर आणि लोकांच्या खिडक्या यांच्यात कधीकधी एक रस्ता असतो. म्हणून ड्रिफ्ट एलिमिनेटर या तुषार अडवणाऱ्या एका वस्तूवर घासाघीस करू नका. फिरणाऱ्या पाण्याच्या ०.००५ टक्क्यांपेक्षा जास्त तुषार बाहेर जाणार नाहीत, असं लेखी घ्या. स्वस्त गोल टॉवरमध्ये एलिमिनेटर नावापुरता असतो, काहींत नसतोच.

डोझिंगच्या बाबतीत एक गोष्ट खाद्य कारखान्यांना विशेष लागू आहे. क्षार साठत गेलेल्या टॉवरच्या पाण्याचा पीएच आठच्या वर जातो. तिथे क्लोरीनचा जोर कमी होतो, ब्रोमीन चांगलं चालतं. आणि जे काही घालाल ते ब्लोडाऊनबरोबर तुमच्याच ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटमध्ये) जाणार आहे. डेअरी किंवा ज्यूसच्या ईटीपीतले जिवाणू हीच तिथली कामगार मंडळी. दर शनिवारी बायोसाइडचा (जंतुनाशकाचा) कॅन ओतून लगेच ब्लोडाऊन उघडला की सोमवारी ईटीपी बसलेला असतो, आणि दोन्हींचा संबंध कोणी जोडत नाही. डोस दिल्यावर काही तास ब्लोडाऊन बंद ठेवायचा, एवढा साधा नियम बोर्डावर लिहून लावावा.

क्लोज्ड सर्किट: ‘बंद’ म्हणजे नक्की काय बंद?

क्लोज्ड टॉवरमध्ये तुमचं पाणी किंवा ग्लायकॉल नळ्यांच्या कॉइलमधून फिरतं, बाहेरून वेगळं पाणी फवारलं जातं आणि पंखा हवा ओढतो. आतलं पाणी धुळीपासून, कबुतरांपासून, साखरेपासून पूर्ण सुरक्षित. प्रोसेस कूलरमध्ये गाळ बसत नाही, उष्णता नीट वाहते, आणि माल व टॉवरचं पाणी यांच्यात एक पूर्ण भिंत वाढते. खाद्य कारखान्याला हेच हवं असतं.

पण बाहेरचं फवारलेलं पाणी उघडंच असतं. त्यात लिजिओनेला होऊ शकतो, ब्लोडाऊन लागतो, डोझिंग लागतं. ‘क्लोज्ड आहे, ट्रीटमेंट नको’ असं विक्रेता म्हणत असेल तर ते खरं नाही. पाणीही जवळपास तेवढंच उडतं, कारण उष्णता तीच आहे. आणखी एक अडचण अशी की कॉइलच्या बाहेरून क्षार बसले तर आतल्या रांगांपर्यंत ब्रश जात नाही, ॲसिडनेच उतरवावे लागतात. आणि कॉइल पाण्याने भरलेली, जड असते. जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या गच्चीवर ठेवायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला आधी, ऑर्डर नंतर.

कॉइल गॅल्वनाइज्ड की स्टेनलेस, हा प्रश्न तुमच्या पाण्यावर ठरतो. मुंबईला तानसा, भातसा, वैतरणा या तलावांचं पाणी मिळतं, एमआयडीसीच्या बऱ्याच पट्ट्याला बारवी धरणाचं. पावसाचं साठवलेलं हे पाणी मऊ असतं, क्षार कमी, आणि ते टॉवरमध्ये पाचपट-सहापट साठू देता येतं. देशातल्या बऱ्याच शहरांना हे भाग्य नाही. मात्र मे-जूनमध्ये कपात लागली की टँकर येतो, आणि टँकर कुठल्या बोअरवेलचा हे तुम्हाला कळत नाही. खाडीजवळच्या बोअरवेलमध्ये क्लोराइड खूप असतं, पाचपट साठलं की ३०४ स्टेनलेसला बारीक खड्डे पडायला लागतात. सॉफ्टनर कडकपणा काढतो, क्लोराइडला हात लावत नाही. म्हणून टँकरवर चालायची वेळ वर्षातून दीड-दोन महिने जरी येणार असेल तरी ३१६ स्टेनलेस घ्या, आणि ब्लोडाऊन टायमरवर न ठेवता पाण्यातले क्षार ओळखणाऱ्या कंडक्टिव्हिटी मीटरवर ठेवा. पाणी बदललं की तो स्वतःहून जास्त उघडेल.

चौथा मार्ग, जो कोटेशनमध्ये नसतो

मला स्वतःला मध्यम आकाराच्या बहुतेक कारखान्यांसाठी जे योग्य वाटतं ते या तीन कागदांत नसतंच. चांगला चौकोनी ओपन टॉवर आणि त्याच्यापुढे एक प्लेट हीट एक्सचेंजर. टॉवरचं पाणी प्लेटच्या एका बाजूला, प्रोसेसला जाणारं स्वच्छ पाणी दुसऱ्या बाजूला. काम क्लोज्ड टॉवरचंच होतं, बहुतेक वेळा कमी खर्चात. किंमत मोजावी लागते ती दीड-दोन अंशांची आणि एका जास्तीच्या पंपाची. मे महिन्यात प्रोसेसला ३२ ऐवजी ३४ चं पाणी मिळेल. सॉस ९० वरून ४० वर आणायचा असेल तर या दोन अंशांनी काहीही बिघडत नाही. शेवटचे अंश चिल्ड वॉटरला करू द्या.

मोठा फायदा असा की ही भिंत उघडता येते. बोल्ट सैल करून प्लेट्स मागे सरकवल्या की टॉवरच्या बाजूला काय साठलंय ते डोळ्यांनी दिसतं: खालच्या पोर्टजवळ फिल्सचे (टॉवरमधल्या जाळीदार भरावाचे) तुकडे आणि चिखल, वर तपकिरी थर. प्लेट्स घासून, गॅस्केट तपासून त्याच रात्री परत लावता येतात. क्लोज्ड टॉवरच्या कॉइलबाबत हे करता येत नाही. जागा असेल तर दोन प्लेट हीट एक्सचेंजर (पीएचई) घ्या, एक चालू आणि एक साफसफाईला. आणि टॉवरच्या बाजूच्या इनलेटला गाळणी हवीच.

बाटलीच्या झाकणापाशी

आता ज्यांचा माल गरम भरला जातो, त्यांच्यासाठी थोडं थांबून लिहितो. सॉस, ज्यूस, आमरस ८५-९० अंशांवर बाटलीत भरतात, झाकण लावतात, आणि बाटल्या कूलिंग टनेलमध्ये शिरतात. वरून पाण्याचे फवारे. आतला माल आकसतो, वरच्या मोकळ्या जागेत व्हॅक्यूम तयार होतो, आणि धातूच्या झाकणाच्या मधलं बटण टक्कन आत बसतं. हा आवाज ऐकून लाइनवरच्या बायका चांगली बाटली ओळखतात. पण त्याच क्षणी झाकणाच्या आतलं सीलिंग कंपाउंड अजून मऊ असतं आणि झाकणाच्या कडेला पाण्याचा थेंब लोंबत असतो. सील किंचितही सैल असेल तर व्हॅक्यूम तो थेंब आत ओढतो. निर्जंतुक झालेल्या मालात टॉवरचं पाणी.

हे नुसतं पुस्तकी भय नाही. १९६४ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबरडीन शहरात टायफॉइडची साथ आली, चारशेहून अधिक माणसं आजारी पडली. तपास अर्जेंटिनाहून आलेल्या कॉर्न्ड बीफच्या डब्यापर्यंत पोचला. डबे शिजवून निर्जंतुक करण्यात चूक नव्हती. नंतर ते गार केले होते क्लोरीन न घातलेल्या नदीच्या पाण्याने, आणि ते पाणी डब्यातल्या बारीक फटीतून आत गेलं होतं.

म्हणून टनेलमध्ये आणि रिटॉर्टच्या (डबे दाबाखाली शिजवणाऱ्या यंत्राच्या) कूलिंगमध्ये टॉवरचं पाणी थेट सोडायचं नाही, मग टॉवर कितीही चांगला असो. तिथे पिण्याच्या दर्जाचं, क्लोरीन घातलेलं पाणी वेगळ्या लूपमध्ये फिरवा, त्याची उष्णता पीएचईमधून टॉवरला द्या, आणि टनेलमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यातही मोकळा क्लोरीन शिल्लक आहे ना हे दर पाळीत तपासा. एफएसएसएआयच्या २०११ च्या परवाना व नोंदणी विनियमांतली अनुसूची ४ पिण्यायोग्य नसलेलं पाणी उपकरणं गार करायला, वाफेला, आग विझवायला आणि रेफ्रिजरेशनला वापरू देते. अट अशी की त्याचे पाइप वेगळे असावेत आणि त्यातून मालाला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष धोका पोचू नये. ऑडिटर टॉवरचा ब्रँड विचारत नाही, तो पाइपचा रंग आणि क्रॉस-कनेक्शन बघतो. कधीतरी अडचणीच्या वेळी टॉवरची लाइन आणि वॉशिंगची लाइन जोडणारा एक व्हॉल्व्ह बसवलेला असतो, ‘इमर्जन्सीसाठी’. तो कापून दोन्ही टोकं बंद करा. बंद व्हॉल्व्ह ही भिंत नव्हे.

मुंबईच्या गाळ्यांत आणखी एक धोका दडलेला असतो. टॉवर गच्चीवर, प्लांट तळमजल्यावर. चौथ्या-पाचव्या मजल्याइतकी, म्हणजे १५ मीटर उंची म्हटली तरी तळातल्या प्लेटवर पाण्याचा दीड बारचा स्थिर दाब पडतो, पंप बंद असतानाही. चालू लाइनमध्ये मालाचा दाब त्यापेक्षा जास्त ठेवलेला असतो, त्यामुळे प्लेटला छिद्र पडलं तर माल पाण्यात जातो, उलट नाही. पण पाळी संपली, मालाचा पंप बंद झाला, की दाब उलटतो. रात्रभर गच्चीवरचं पाणी त्या छिद्रातून मालाच्या बाजूला झिरपत राहू शकतं. तुमच्याकडे एक भिंत असेल आणि टॉवर गच्चीवर असेल तर मालाचा पंप थांबताच कूलिंगची लाइन आपोआप बंद होईल आणि प्लेटवरचा दाब सुटेल अशी व्यवस्था करा. नाहीतर मधला पीएचई बसवा आणि आतला लूप कमी दाबावर ठेवा. त्या लूपमध्ये ग्लायकॉल घालायचं असेल तर प्रोपिलीन, एथिलीन कधीही नाही.

कोणी काय घ्यावं

पॅकेज्ड दूध, दही, पनीर, जिथे माल फक्त चिल्ड वॉटरनेच गार होतो आणि भिंती तीन आहेत: साधा ओपन टॉवर पुरेसा. क्लोज्डवर जास्तीचे पैसे घालण्यापेक्षा ते पैसे चांगल्या एलिमिनेटरवर आणि ऑटोमॅटिक डोझिंगवर घाला. सॉस, ज्यूस, पल्प, यूएचटी: ओपन अधिक पीएचई. हापूसच्या पल्पचा हंगाम नेमका वर्षातल्या सगळ्यात उकाड्याच्या दिवसांत येतो, त्यामुळे टॉवर निवडताना सरासरी बघू नका, मे अखेरचा आठवडा बघा. शीतपेय आणि बिअरवाल्यांना मोठा लोड, सतत चालणारी लाइन आणि स्वतःची युटिलिटी टीम असते. तिथे क्लोज्ड सर्किट परवडतं आणि शोभतंही.

मासळी आणि बर्फाची गोष्ट वेगळी. ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्याच्या आसपासच्या बर्फ कारखान्यांपासून तळोज्याच्या फ्रीझिंग प्लांटपर्यंत अमोनिया चालतो, आणि तिथे टॉवर व कंडेन्सर एकत्र असलेला इव्हॅपोरेटिव्ह कंडेन्सर सरस ठरतो. मधला पाण्याचा टप्पा वगळला गेल्याने कंडेन्सिंग तापमान दोनेक अंशांनी खाली राहतं, आणि उणे ४० वर चालणाऱ्या मशीनला तेवढं पुष्कळ झालं. अमोनिया गळला तर पाण्याचा पीएच चढतो आणि क्लोरीन निकामी होतो. डोस वाढवूनही क्लोरीन टिकत नसेल तर आधी गळती शोधा. कॉइलची मोठी साफसफाई जून-जुलैच्या मासेमारी बंदीत उरकून घ्यावी.

जागा ठरवताना वारा बघा. मुंबईत पावसाळाभर आणि बहुतेक दुपारी वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. फिलिंग रूमच्या एएचयूचं (खोलीला हवा पुरवणाऱ्या यंत्राचं) फ्रेश एअर जिथून ओढलं जातं त्याच्या पूर्वेला टॉवर हवा, आणि जमेल तेवढा लांब, कारण थंडीच्या सकाळी वारा उलटा वाहतो. मैदा किंवा साखर हाताळणाऱ्या विभागाच्या एक्झॉस्टसमोर टॉवर कधीच नको.

आणि ऑर्डरमध्ये एक ओळ घाला. परफॉर्मन्स टेस्ट मे किंवा जूनमध्ये, प्रत्यक्ष लोडवर होईल, वेट बल्ब टॉवरच्या हवेच्या तोंडाशी मोजला जाईल, आणि शेवटचे दहा टक्के पैसे त्यानंतर मिळतील. जानेवारीत मुंबईत कुठलाही टॉवर पास होतो.